बारा सेंटिमीटरच्या बातम्या

पट्टीबाईंनी चोवीस वर्षं पेपरात नोकरी केली, पण पेपर वाचला म्हणाल तर एकदाही नाही. त्या पेपर मोजत. सकाळी साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या जाहिरात विभागात यायचं, आजचा अंक टेबलावर पसरायचा, स्टीलची पट्टी काढायची आणि छापून आलेली एकेक जाहिरात मोजून नोंदवहीत टिपायची. गिऱ्हाइकाने दोन कॉलम रुंद, आठ सेंटिमीटर उंच जागा घेतली असेल तर ती तेवढी भरली का, एवढंच त्यांना बघायचं असे. भरली तर बरोबरची खूण. नाही भरली तर गुलाबी चिठ्ठी: 'अर्धा सेंटिमीटर कमी. पुन्हा छापावी.' ही चिठ्ठी खाली गेली की ती जाहिरात दुसऱ्या दिवशी पुन्हा छापावी लागे, मग ती बँकेची असो की कुणाच्या हरवलेल्या पोपटाची. पोपटाच्या मालकाला त्या अर्ध्या सेंटिमीटरचा पत्ताही नसे. पट्टीबाईंना असे, आणि तेवढं पुरे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी साऱ्या इमारतीत त्या पट्टीबाई. आधी हे नाव पाठीमागे घेत, पुढे तोंडावर घेऊ लागले, आणि शेवटी त्या स्वतःच फोन उचलून 'पट्टीबाई बोलतेय' म्हणायला लागल्या. चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

शहराच्या निवडणुकीला अठरा दिवस उरले होते. त्या मंगळवारी पट्टीबाई तिसऱ्या पानावरची चष्म्याच्या दुकानाची जाहिरात मोजत असताना फोन वाजला. फोन चुकीचा निघाला. कुणाला तरी दवाखाना हवा होता. बाईंनी दवाखान्याचा नंबर सांगितला आणि पट्टी पुन्हा ठेवली, ती शेजारच्या कॉलमवर. बारा सेंटिमीटर. नोंदवहीत बारा लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की चष्म्यांची जाहिरात दहाची आहे. मग हे बारा कुणाचे? बघतात तर ती बातमी होती. 'ठेकेदारसाहेबांच्या सभेला उदंड प्रतिसाद.'

दुसरं कुणी असतं तर बारा खोडून दहा लिहिलं असतं आणि चहाला गेलं असतं. पट्टीबाईंनी बारा खोडलं, दहा लिहिलं, आणि चहाला गेल्या नाहीत. बातम्या अशा पुऱ्या आकड्यात संपतात का, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. त्यांनी त्याच पानावरची दुसरी बातमी मोजली. नऊ पूर्णांक चार. तिसरी सतरा पूर्णांक तीन. एक सहा पूर्णांक आठ. मग पुन्हा ठेकेदारसाहेब. बारा. पट्टी उलटी करून मोजली, तरी बारा.

तळमजल्यावर पान लावणारे गृहस्थ बसत. कोणती बातमी कुठे बसवायची, किती कापायची, चित्र कुठे घालायचं हे त्यांच्या हातात. त्यांना सगळे पानमास्तर म्हणत. पट्टीबाईंच्या गुलाबी चिठ्ठ्या चोवीस वर्षं याच माणसाच्या टेबलावर येऊन पडत, त्यामुळे बाई जिन्यावरून उतरताना दिसल्या की ते आधी आपला चेहरा पाडून ठेवत.

"आज काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बातमी किती मोठी करायची हे कोण ठरवतं?"

"कुणी नाही ठरवत. बातमीदार लिहितो, उपसंपादक कापतो, उरलेली मी बसवतो. जेवढी उरेल तेवढी. आणि पाल्हाळरावांची असेल तर देवाचं नाव घेऊन बसवतो. तीनशे शब्द मागितले तर नऊशे देतात, आणि वर सांगतात, या खेपेला जरा आवरतं घेतलंय."

पाल्हाळराव म्हणजे नगरपालिकेची बातमी आणणारा बातमीदार. एकतीस वर्षं हाच माणूस पालिकेत जातोय, आणि एकतीस वर्षं त्याची बातमी लांबतेय. पट्टीबाईंचा नवरा शिंपी. पाल्हाळरावांचे सदरे तोच शिवायचा, म्हणून ते बाईंना वहिनी म्हणत आणि बाई त्यांना भाऊजी.

"मग बरोब्बर बारा सेंटिमीटरची बातमी कशी होते?" बाईंनी विचारलं.

"होते एखादी योगायोगाने," पानमास्तर म्हणाले, आणि चहा निवतोय म्हणून त्यांनी घाईने कप तोंडाला लावला. कप रिकामा होता. बाईंनी तेही टिपलं.

घराची पुढची खोली म्हणजेच शिंप्याचं दुकान. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा नवरा मशीनवर पेपर ठेवून वाचत होता. घरात पेपर तोच वाचे, आणि वाचला की मान डोलावे.

"काय माणूस आहे हा ठेकेदार," तो म्हणाला. "परवा वृद्धांना काठ्या वाटल्या. आज सभेला माणूस मावेना. मी तर ठरवून टाकलंय, मत यालाच."

"अहो, एक विचारू?"

"विचार. पण मत बदलायला सांगू नकोस."

"तुम्ही अंगावर माप घेऊन सदरा शिवता. छाती बरोब्बर चाळीस निघते का कधी?"

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. धंद्यातला प्रश्न आला की तो पेपर बाजूला ठेवी. "जिवंत माणसाची? कधीच नाही. साडेएकोणचाळीस, एकेचाळीसला दोन दोरे कमी. एक खांदा वर, एक खाली. तुझ्या त्या पाल्हाळरावाचा डावा हात तर उजव्यापेक्षा पाऊण इंच लांब आहे."

"आणि बरोब्बर चाळीस असलेला सदरा?"

"तो तयार माल. माप घेतलंच नाही कुणाचं. कारखान्यात कापून ठेवलेला, ज्याला हवा त्याने घ्यावा." तो थांबला. "का गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. पण स्वयंपाकात त्यांचं लक्ष त्या दिवशी नव्हतं. मीठ दोनदा पडलं, आणि नवऱ्याने पाणी पिऊन पिऊन जेवण पुरं केलं.

बुधवारी त्यांनी गेल्या पंधरा दिवसांचे अंक जुन्या अंकांच्या खोलीतून काढले. जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात, त्यांनी तिसरं पान तेवढं मोजलं. ठेकेदारसाहेब अकरा वेळा आले होते. अकराही वेळा दोन कॉलम रुंद, बारा उंच, पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. बाईंना आता चेव आला. विरोधातले माजी प्राचार्य चार वेळा होते, चारही वेळा आठ सेंटिमीटर. 'तरुणांचा प्राचार्यांकडे ओढा.' म्हणजे प्राचार्यांनी तयार सदरा लहान मापाचा घेतला होता. तिसऱ्या उमेदवार म्हणजे एक निवृत्त परिचारिका. सारं शहर त्यांना नर्सबाई म्हणे, कारण निम्म्या शहराला त्यांनी इंजेक्शन टोचलेलं होतं. नर्सबाई पंधरा दिवसांत फक्त एकदा छापून आल्या होत्या, उमेदवारांच्या यादीत, शेवटून दुसऱ्या. बाईंनी ती ओळही मोजली. सहा मिलिमीटर, तीही वरची रेघ धरून.

हे सारं त्यांनी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मांडलं. त्यापुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. करायचं असं काही डोक्यातही नव्हतं. कपाटात कुणी काय लपवलंय हे पाहण्याची हौस असते ना, तशी ती हौस होती. कपाट उघडलं, पाहिलं, पुन्हा लावलं.

गुरुवारी ते लागेना.

संध्याकाळी पाल्हाळराव दुकानात आले आणि सदऱ्याचं कापड न आणता स्टुलावर बसले. पाच मिनिटं बोललेच नाहीत. पाल्हाळरावांच्या हिशेबी हे म्हणजे महिनाभराचं मौन.

"भाऊजी, बरं नाही का?"

"वहिनी, मी विकलो गेलोय असं ऐकतोय. मलाच उशिरा कळलं."

मग झालं ते त्यांनी सांगितलं, सवयीप्रमाणे एकतीस वर्षांपूर्वीपासून. त्यातलं कामाचं एवढंच: नर्सबाईंनी निवडणुकीच्या तपासणी समितीकडे तक्रार केली होती, की हा पेपर जाहिराती बातम्या म्हणून छापतो. समितीने मालकांना नोटीस धाडली. मालकांनी संपादकांना बोलावलं, संपादकांनी पाल्हाळरावांना. त्या अकरा बातम्यांवर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं छापलं होतं आणि पालिकेचा प्रतिनिधी म्हणजे पाल्हाळराव, हे पोरासोरांना माहीत. टाइप केलेलं पत्र तयार होतं. 'सदर बातम्या मी वैयक्तिक स्तरावर छापवून आणल्या. व्यवस्थापनास याची कल्पना नव्हती.' सोमवारी समितीपुढे सही करून द्यायचं. सही केली तर नोकरी जाणार आणि नावही. नाही केली तर नोकरी जाणार आणि नाव तरीही, कारण गावात बोभाटा आधीच झाला होता. पालिकेच्या दारातल्या शिपायाने दुपारी त्यांना डोळा मारून विचारलं होतं, "साहेब, आमचं पण एक छापा की, काय पडेल?"

"तुम्ही लिहिल्या नव्हत्या ना?" शिंप्याने विचारलं. त्याचा आवाज जरा उतरला होता. काठ्यांची बातमी त्याने शेजाऱ्यांनाही वाचून दाखवली होती.

"मी? एकही नाही. त्या कुणी लिहिल्या हे मला अजून ठाऊक नाही. पहिली आली तेव्हा मी संपादकांना विचारलं. म्हणाले, वरून आलीय. दुसरीला विचारलं. म्हणाले, वरून आलीय, तुम्ही तुमचं बघा. तिसरीपासून मी विचारायचं सोडलं." त्यांनी टेबलावरचा खडू उचलला आणि ठेवला. "ते माझं चुकलं. तेवढं पत्रात असतं तर मी सही केली असती."

"आणि तुमच्या स्वतःच्या बातम्या?" पट्टीबाईंनी विचारलं.

"ठेकेदाराने बांधलेल्या पादचारी पुलाची दिली होती. तीन वर्षं झाली, एका बाजूला कठडाच नाही. चार वेळा दिली. चारही वेळा उत्तर, जागा नाही. एकतीस वर्षांत 'जागा नाही' हे मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या घराच्या दारावर तीच पाटी लावावी. पण या खेपेला जागा कुठे गेली ते रोज सकाळी दिसत होतं."

"दोन कॉलम, बारा सेंटिमीटर," पट्टीबाई म्हणाल्या. "खालचा उजवा कोपरा."



शुक्रवारी सकाळी बाई थेट तळमजल्यावर गेल्या. पानमास्तरांनी चेहरा पाडला, पण बाईंच्या हातात चिठ्ठी नव्हती.

"ते बारा सेंटिमीटर वरून येतात म्हणे. वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून. दुसऱ्या मजल्यावरून."

"दुसऱ्या मजल्यावर तर मी बसते."

"मग तुम्हालाच ठाऊक असायला हवं," पानमास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खरोखर पडला.

रोज दुपारी जाहिरात विभागातून पानाचा कच्चा आराखडा खाली येई. जाहिरातींच्या जागी चौकटी आखलेल्या आणि त्यांवर फुल्या मारलेल्या. फुली म्हणजे हात लावायचा नाही, ही जागा गेली. बाकीच्या चौकटींत गिऱ्हाइकाचं नाव असे. त्या कोपऱ्यातल्या चौकटीत फुली असे, नाव नसे. मजकूर संध्याकाळी संगणकावर येऊन पडे, मापात कापलेला. पानमास्तरांना कात्री लावावीच लागत नसे.

"मला आधी बरंच वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, कुणीतरी शिकलं एकदाचं, मापात लिहायला."

"ते आराखडे आहेत?"

"मी साक्षीला येणार नाही, बाई. मला दोन मुली आहेत." त्यांनी टेबलाच्या खणाकडे न बघता सांगितलं, "खणाला कुलूप नाही. आणि मी आता हात धुवायला चाललोय. मला हात धुवायला वेळ लागतो."

त्यांना चांगलाच वेळ लागला.

दुपारी जाहिरात व्यवस्थापकांनी बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं. जुन्या अंकांच्या खोलीची वही त्यांच्यापुढे उघडी होती. पंधरा अंक, घेणाऱ्याची सही, पट्टीबाई.

"बाई, तुमचं काम जाहिराती मोजायचं. बातम्या मोजायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. चुकून मोजली गेली."

"मग चुकून विसरून जा."

"साहेब, कोपऱ्यातल्या त्या जाहिराती आहेत का?"

"छे. बातम्या आहेत."

"मग मी मोजल्या काय नि न मोजल्या काय. तुम्हाला का त्रास व्हावा? आणि जाहिराती असतील तर माझ्या नोंदवहीत हव्यात. चोवीस वर्षांत माझ्या वहीतून पोपट सुटला नाही."

व्यवस्थापक हसले. ते हसले की समोरच्याने घाबरावं अशी पद्धत होती. "दोन वर्षांनी निवृत्त व्हाल ना? शांतपणे व्हा."

बाई आपल्या टेबलाशी आल्या आणि सोमवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'मोजणी'. अक्षर वाकडं आलं. त्यांनी अर्ज फाडून पुन्हा लिहिला.

समितीचं कामकाज सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाले. लांब टेबल, तीन खुर्च्या, एक घरघरणारा पंखा. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, बारीक चणीच्या, गळ्यात साखळीचा चष्मा. एका बाजूला नर्सबाई, मांडीवर पिशवी घेऊन, रांगेत नंबर लावल्यासारख्या. दुसऱ्या बाजूला मालक आणि व्यवस्थापक. मधे पाल्हाळराव, शिंप्याने नुकत्याच शिवलेल्या सदऱ्यात. डावी बाही पाऊण इंच लांब होती आणि अगदी बेताची बसली होती.

मालकांनी सांगितलं, आमच्या पेपरात बातमी विकत मिळत नाही. कुणा एखाद्या कर्मचाऱ्याचा मोह असेल तर तो त्याने कबूल करावा. मग पत्र पाल्हाळरावांपुढे सरकवलं.

"मी सही करणार नाही," पाल्हाळराव म्हणाले. "मी एकतीस वर्षांपूर्वी या पेपरात लागलो तेव्हा पालिकेची इमारत एकमजली होती—"

"दुसरा मजला आम्ही पाहिलाय," अध्यक्ष म्हणाल्या. "या बातम्या तुमच्या नाहीत याला पुरावा?"

"यांना विचारा. माझ्या वहिनी आहेत."

"नात्यातल्या?"

"सदऱ्यातल्या," पाल्हाळराव म्हणाले. नर्सबाई एवढ्याच वेळी हसल्या.

पट्टीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी ठेकेदारसाहेबांच्या अकरा आणि प्राचार्यांच्या चार बातम्या टेबलावर मांडल्या, पट्टी काढली आणि ती अध्यक्षांपुढे धरली. "तुम्हीच मोजा. मी मोजलं तर म्हणतील, हिची पट्टी."

अध्यक्षांनी चष्मा लावला. मोठ्या पदावरच्या माणसांना असं हाताचं काम सहसा कुणी देत नाही, त्यामुळे त्या मन लावून मोजू लागल्या. बारा. बारा. बारा. चौथ्याला त्यांनी शेजारच्या सदस्याला पट्टीचं टोक धरायला लावलं. बारा. अकरा झाल्यावर प्राचार्यांच्या चार मोजल्या, चारही आठ, आणि त्यांनी विचारलं, "बरं. मग?"

"आता यांच्या मोजा." बाईंनी पाल्हाळरावांच्या नावाने आलेल्या जुन्या बातम्या पुढे केल्या. तेवीस पूर्णांक सात. चौदा पूर्णांक दोन. एक एकतीसवर जाऊन दुसऱ्या पानावर उरलेली. "बातमी येईल तेवढी होते. मोजून मागितलेली फक्त जाहिरात असते. आठ, दहा, बारा, सोळा. आमच्या दरपत्रकात हीच मापं आहेत. आणि हे आराखडे. फुली जाहिरातीच्याच जागेवर मारतात, बातमीच्या कधीच नाही."

व्यवस्थापक म्हणाले, "योगायोगानेही बारा येऊ शकतं."

"येतं," बाई म्हणाल्या. "मी चार दिवस शोधलं. दोन महिन्यांच्या तिसऱ्या पानांवर एक सापडली. हरवलेल्या बैलाची." त्यांनी तोही अंक आणला होता.

पाल्हाळरावांना राहवलं नाही. "आणि अध्यक्ष, या अकरांत एकही 'मात्र' नाही. सभा झाली, गर्दी झाली, टाळ्या झाल्या, संपलं. पूल झाला, मात्र कठडा राहिला. काठ्या वाटल्या, मात्र त्यावर उमेदवाराचं नाव कोरलंय. असं कुठेच नाही. पुढे काय झालं ते बघायला गेलेला माणूस यात नाहीच. मी किती का लांबण लावीन, पण जाऊन बघतो."

"हे मात्र थोडक्यात झालं," अध्यक्ष म्हणाल्या.

निर्णय मंगळवारी आला. त्या मजकुराशी बातमीदाराचा संबंध नाही. पेपरने खुलासा छापावा, की ठेकेदारसाहेबांचे अकरा आणि प्राचार्यांचे चार असे ते पंधरा मजकूर बातम्या नसून घेतलेल्या जाहिराती होत्या. तो त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, त्याच मापात छापावा. दोन कॉलम, बारा सेंटिमीटर. मापाचं वाक्य अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

मालकांनी पाल्हाळरावांना काढलं नाही. आता काढणं महागात पडलं असतं. संपादकांना एकदम कणा आठवला आणि ते म्हणाले, ती पुलाची बातमी द्या बघू. पाल्हाळरावांनी तिन्ही उमेदवारांना जाऊन एकच प्रश्न विचारला, कठडा कोण बसवणार आणि कधी. ठेकेदार म्हणाले, वेळ नाही. प्राचार्य म्हणाले, विचार करू. नर्सबाईंनी पुलावरून पडलेल्या चार माणसांची नावं सांगितली. जखमा त्यांनीच स्वच्छ केल्या होत्या.

बुधवारी सकाळी बाईंनी अंक पसरला. पुलाची बातमी खुलाशाच्या बरोबर वर होती, चांगली लांबलचक. बाईंनी खुलाशाला पट्टी लावली. साडेअकरा.

पुन्हा लावली. साडेअकरा.

त्या गुलाबी चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन बसल्या. बराच वेळ पेन उघडंच होतं. दुसऱ्या मजल्यावर हे कुणी मोजणार नव्हतं. समिती तर मुळीच नाही. मग त्यांनी लिहिलं आणि चिठ्ठी घेऊन खाली गेल्या. पानमास्तरांपाशी पाल्हाळराव उभे होते, दोघेही खुशीत.

"अर्धा सेंटिमीटर कमी," बाई म्हणाल्या.

पानमास्तरांचा चेहरा पडला. "बाई, यांची बातमी मावेना. शेवटची ओळ राहत होती. म्हटलं, खुलाशातून जरा घेऊ. एवढंसं."

"वहिनी," पाल्हाळराव म्हणाले, "ती शेवटची ओळ फार महत्त्वाची होती. नर्सबाईंनी सांगितलेलं चौथं नाव. आपल्याच बाजूचं आहे हो हे."

"भाऊजी, मी समितीत बारा म्हणजे बारा म्हणून आले. उद्या कुणी ते साडेअकरा मोजलं तर काय सांगू? आपल्या माणसासाठी होतं, म्हणून? व्यवस्थापकही असंच कुणाच्या तरी बाजूचे होते." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ओळ तुमच्या बातमीतली कापायची होती. पाल्हाळ थोडा आहे का तुमच्याकडे?"

पाल्हाळरावांनी चिठ्ठी पानमास्तरांकडे सरकवली.

गुरुवारी खुलासा पुन्हा छापावा लागला, पुरा बारा सेंटिमीटर. ज्यांनी बुधवारी तो पाहिला नव्हता त्यांनी गुरुवारी पाहिला, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांना वाटलं, आणखी काही सापडलंय. मालक दुसऱ्या मजल्यावरून जाताना पट्टीबाईंच्या टेबलाकडे न बघता गेले. बाईंनी बरोबरची खूण केली.

मग त्या थांबल्या. बुधवारचा अंक अजून टेबलाच्या कडेला होता. त्यांनी तो ओढला आणि पुलाची बातमी पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली, पट्टीविना. त्यांना सवय नव्हती, वेळ लागला. दोन ठिकाणी हसू आलं, एका ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की 'सुमारे पन्नास फुटांचा' कठडा नाही.

सुमारे?

त्या संध्याकाळी पुलावर लोकांनी पाहिलं, की एक बाई गुडघ्यांवर बसून शिंप्याची टेप लावतेय आणि तिचा नवरा दुसरं टोक धरून, खाली बघायचं टाळत, इंचाइंचाने पुढे सरकतोय. साठ इंची टेप बारा वेळा पुरी लागली आणि तेराव्यांदा दोन फूट.

"काय गं, किती?" नवऱ्याने विचारलं.

"बासष्ट."

"आणि पेपरात पन्नास? मग आता मी कुणाचं खरं धरू?"

"आपण आलो ना बघायला," बाई म्हणाल्या. "ते धरा. आणि टेप घट्ट धरा."

शुक्रवारी सकाळी पाल्हाळरावांच्या टेबलावर गुलाबी चिठ्ठी होती. बातमीदाराला ती येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी ती वाचली, खिडकीशी जाऊन पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या मजल्यावर फोन लावला.

"वहिनी, मी सुमारे लिहिलं होतं."

"पन्नासच्या सुमाराला बासष्ट येत नाही, भाऊजी."

 पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. "दुरुस्ती किती सेंटिमीटरची करू?"

"येईल तेवढी," पट्टीबाई म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.